गादी, पिंजारी आणि वऱ्हाडचा कापूस

नवी गादी घ्यायची म्हणून आपण दुकानात जातो. दुकानदार चार गाद्या दाखवतो, आपण प्रत्येकीवर तळहात दाबून बघतो, फार तर काठावर बसून बघतो, आणि ‘ही जरा बरी वाटते’ असे म्हणून पैसे देतो. ज्या वस्तूवर आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जायचा, तिची निवड आपण पेरू निवडण्याइतकाही वेळ न देता करतो. पेरू निदान आपण दोन-चार बाजूंनी चाचपून बघतो. असो. गादीच्या या चाचपणीमागे बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे आणि त्याहून जास्त इतिहास. तो इतिहास शोधायला लंडन-पॅरिसला जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव पुरेसे आहे.

पण आधी एक शब्द. मराठीत ‘गादी’ म्हणजे झोपायची वस्तू हा अर्थ खरे तर घरगुती. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, पंथाची गादी, सावकाराची गादी, या सगळ्यांत गादी म्हणजे बसायची जागा, अधिकाराची जागा. जमिनीपासून चार बोटे उंच, मऊ, पांढऱ्या चादरीची, मागे तक्क्या आणि बाजूला लोड. त्यावर बसणारा माणूस हिशोब विचारणारा आणि समोर जमिनीवर बसणारा हिशोब देणारा. शब्दाचा हा प्रवास काही उगाच झालेला नाही. कापसाने भरलेली जाड गादी ही शेकडो वर्षे थोड्यांच्या घरची चीज होती. बाकीच्यांकडे काय असे? घोंगडी, चटई, वाकळ, जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी आणि अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज. वऱ्हाडात अंबाडी शेताच्या कडेला पिके, त्यामुळे बाज विणायला दोरी घरचीच. उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या बाजेवर खालूनही वारा लागतो. त्या हवेत ती गादीपेक्षा सुखाची, हे कोणीही वऱ्हाडी माणूस सांगेल.

गंमत अशी की, हे सगळे कापसाच्याच मुलखात. घरात कापूस वेचून आणायचा, पण झोपायचे वाकळेवर. कारण चांगला कापूस हा विकायचा माल. गादीत जाई तो उरलासुरला: शेवटच्या वेचणीचा, डागी, किडका, म्हणजे ज्याला शेतकरी ‘कवडी’ म्हणतो तो, किंवा फरदडीचा. घरात लग्न निघाले की असा कापूस साठवायचा, सरकी काढायची आणि पिंजाऱ्याला बोलवायचे.

खामगावचा कापूसव्यापार १८२०च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. काही व्यापारी तेथे येऊन राहिले, तूप, सूत आणि थोडा कापूस यांची खरेदी-विक्री करू लागले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेशिवाय दुसरीकडून कापूस हवाच होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथला कापूस अडकला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी वऱ्हाड कापत गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ही वाट खामगावला मात्र चुकवून गेली होती. इतकी मोठी पेठ रुळांपासून दूर राहणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा एक छोटा फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये तो सुरू झाला तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! कापसाचे वजन त्या काळी किती होते, हे यावरून कळावे. (नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: खामगाव तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात नव्हते. ते अकोल्यातून बुलढाण्यात आले १९०५ मध्ये.)

आता या सगळ्याचा गादीशी काय संबंध? संबंध पिंजाऱ्यामार्फत आहे.

कापसाच्या बोंडातून निघालेली रुई सरळ कातता येत नाही. तिच्यातले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, गोळे झालेले असतात, त्यांत पानाचा चुरा आणि माती असते. हे गुंते सोडवण्याचे काम पिंजाऱ्याचे. त्याचे हत्यार म्हणजे पिंजण. माणसाच्या उंचीएवढा लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि हातात दोन्ही टोकांना फुगीर असलेला लाकडी ठोकळा. ठोकळ्याने तात ओढून सोडली की ती थरथरते, कापसाच्या ढिगात शिरते, काही तंतू तिला चिकटतात आणि पुढच्याच क्षणी दूर फेकले जातात. जड कचरा खाली पडतो, हलके तंतू वर उडतात. या यंत्रात दात नाहीत, काटे नाहीत. कंपन पावणारी एक तार जे करते तेवढेच. तंतू तुटत नाहीत, नुसते सुटे होतात.

हे धनुष्य भारतापुरते नव्हते. युरोपातले टोपी करणारे कारागीर लोकर आणि फर असल्याच धनुष्याने पिंजत. अमेरिकेतल्या जॉर्जिया भागातून इंग्लंडला जाणाऱ्या कापसाला व्यापारात ‘धनुष्याने पिंजलेला’ अशा अर्थाचे नावच पडले होते. अरबीत पिंजाऱ्याला ‘हल्लाज’ म्हणतात आणि ‘नद्दाफ’ही म्हणतात. इ.स. ९२२ मध्ये बगदादला ज्याला देहदंड दिला गेला, त्या सूफी मन्सूर अल-हल्लाज याच्या नावातला हल्लाज हाच. आपल्याकडचे अनेक पिंजारी स्वतःला मन्सुरी किंवा नदाफ म्हणवतात, त्याची मुळे इथे आहेत. वर्गात नदाफ किंवा मन्सुरी आडनावाचा मुलगा असेल तर त्याला हे जरूर सांगावे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातींच्या मोठ्या ग्रंथात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे.

रेल्वे येण्यापूर्वी पिंजाऱ्याची दोन गिऱ्हाइके होती: सूत कातणाऱ्या बाया आणि गादी-रजई भरून घेणारी घरे. पहिले गिऱ्हाईक मोठे, वर्षभराचे. दुसरे लहान, हंगामी. जी गाडी खामगावहून कापसाच्या गाठी घेऊन गेली, तीच परतताना स्वस्त विलायती सूत आणि कापड घेऊन आली. त्या काळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना हे होणार हे दिसत होते. बाहेरचे सूत आले की कातणारे-विणणारे हात शेतीकडे वळतील आणि कापूस आणखी पिकेल, असा त्यांचा हिशोब होता. तो बराचसा खरा ठरला. गावातले कातण थंडावले. दुसरीकडे वाफेवरचे जिन आणि प्रेस उभे राहिले आणि रुई थेट गाठीत बांधली जाऊ लागली. पिंजाऱ्याच्या हाती उरली ती फक्त गादी. पुढे आपण ज्याला पाहिले, खांद्यावर पिंजण टाकून ‘तुंई तुंई’ आवाज करीत गल्लीतून फिरणारा, ‘गादी भरायची का, बाई?’ असे विचारणारा, तो या मोठ्या धंद्याचा उरलेला तुकडा होता.

आता गादीच्या आत शिरू. एकट्या माणसाची सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड गादी घ्या. तिचे आकारमान सुमारे ०.१७ घनमीटर होते. तिच्यात दहा किलो कापूस भरला असे धरू. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्याची घनता घनमीटरला सुमारे १५४० किलो. म्हणजे दहा किलो तंतूंनी खरी व्यापलेली जागा फक्त ०.००६५ घनमीटर, गादीच्या चार टक्क्यांहूनही कमी. उरलेली शहाण्णव टक्के हवा. आपण झोपतो ते हवेवर. तंतूंचे काम इतकेच की त्यांनी वाकून ही हवेची जागा धरून ठेवायची.

तंतू वाकतात म्हणजे काय? प्रत्येक तंतू इतर तंतूंना ठिकठिकाणी टेकलेला असतो. दोन टेकूंमधला तुकडा म्हणजे एक छोटी तुळई. गादीवर भार आला की या लाखो तुळया वाकतात. आता गोम अशी की, दाबल्यावर तंतू जवळ येतात, टेकू वाढतात आणि तुळया आखूड होतात. आखूड तुळई वाकवायला कठीण. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील व्हॅन विक यांनी लोकरीच्या पुंजक्याबाबत या विचारातून एक साधा नियम काढला: लागणारा दाब हा घनतेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. (काटेकोर मांडणीत सुरुवातीच्या घनतेचा घन वजा करावा लागतो.) कापसालाही तो ढोबळमानाने लागू पडतो. जाडी निम्मी करायची तर दाब आठपट हवा. हा नियम कळला की जुनी गादी ‘दगड’ का होते ते कळते. वर्षभराने चार इंचांची गादी दोन इंचांवर आली, म्हणजे ती निम्मी मऊ राहिली असे नव्हे. ती कितीतरी पट कडक झाली.

आणि ती दबते का? लोकरीचा तंतू वाकवून सोडला तर बराचसा परत सरळ होतो. कापसाचा होत नाही. त्यात घामाची भर. रात्रभरात आपल्या कातडीवाटे, घाम फुटला नाही तरी, शे-दीडशे मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने जाते. त्यातले काही सेल्युलोज शोषून घेते, ओला तंतू नरम पडतो, वाकलेल्या अवस्थेतच राहतो आणि वाळताना तीच घडी पक्की होते. सुती सदऱ्याला इस्त्रीची घडी बसते ती याच गुणामुळे. सदऱ्यात जो गुण, तो गादीत अवगुण.

याला उपाय दोन, आणि दोन्ही आजीला ठाऊक होते. पहिला, गादीला ऊन दाखवणे. कापूस वाळतो, तंतू थोडे मोकळे होतात. शिवाय वऱ्हाडच्या उन्हात, जेथे मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते, तापलेल्या गादीच्या पृष्ठभागावर ढेकूण टिकत नाही. ४८ ते ५० अंशांत तास-दीड तासात ढेकूण आणि त्याची अंडी मरतात. खोलवर दडलेल्या ढेकणांपर्यंत मात्र ही उष्णता पोचेलच असे नाही, म्हणून गादी उलटवावी लागते. धुळीतले सूक्ष्म कोळी ही दुसरी बाब. दम्याशी त्यांचा संबंध १९६४ मध्ये हॉलंडमधील व्होरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. या कोळ्यांना हवेतील ओल लागते. कोरड्या उन्हात वाळवलेली गादी त्यांना मानवत नाही.

दुसरा उपाय पिंजाऱ्याचा. दोन-तीन वर्षांनी खोळ उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, पुन्हा भरायचा आणि दाभणाने टाके घालायचे. टाके दिखाऊ नसतात. कापूस एका बाजूला सरकू नये म्हणून गादीचे छोटे कप्पे पाडायचे, हे त्यांचे काम. पिंजल्याने गादीत नवीन काही पडत नाही. घनता तेवढी उतरते आणि व्हॅन विकचा नियम आपल्या बाजूने काम करू लागतो.

येथे कापसाच्या जातीचा प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यात रोचक वाटतो. इंग्रज व्यापारी वऱ्हाडच्या कापसाला नावे ठेवीत: आखूड, जाडाभरडा, कचऱ्याचा. बाजारात तो ‘उमरा’ या नावाने विकला जाई. हे उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, रूप. देशी झाडाचा तंतू साधारण २० मिलिमीटरच्या आसपास, अमेरिकन जातींचा २५ ते ३० मिलिमीटर आणि बारीक. गिरणीला लांब आणि बारीक तंतू हवा. पण गादीला? तंतूचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तंतू सव्वापट जाड असेल तर तो जवळजवळ अडीचपट ताठ. तंतू आतून पोकळ आणि चपटा असतो, म्हणून हा हिशोब ढोबळच धरावा, पण दिशा बरोबर आहे. जो खरबरीतपणा सूत कातताना दोष, तोच गादीत गुण. देशी कापसाची गादी अधिक काळ फुगलेली राहते असे जुनी माणसे सांगतात. त्या सांगण्याला आधार आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातले जवळजवळ सारे कापूसक्षेत्र देशी जातींचे होते. १९७० मध्ये सुरतेहून संकर-४ आला, पुढे इतर संकर आले, २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि आता देशी कापूस थोड्याच शेतांत उरला आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने एकेए-७, एकेए-८४०१ यांसारखे देशी वाण दिले खरे, पण भाव लांब तंतूला. त्यामुळे आज खामगाव-मलकापूरकडे जी ‘कापसाची गादी’ भरली जाते तिच्यातला कापूस बहुधा अमेरिकन कुळाचा असतो, किंवा तो गिरणीतली टाकाऊ रुई असते. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच: आत नेमके काय आहे?

दुसऱ्या बाजूला फोम. १९२९ मध्ये डनलॉप कंपनीत रबराचा चीक घुसळून फेस करण्याची आणि तो घट्ट करण्याची युक्ती सापडली. म्हणूनच आपल्याकडे कित्येक वर्षे कोणत्याही फोमच्या गादीला ‘डनलॉपची गादी’ म्हणत. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन केले. त्याचा मऊ फोम १९५०च्या दशकात गाद्यांत आला. काथ्याला रबर पाजून केलेल्या गाद्याही आल्या. फोमचे वागणे कापसापेक्षा वेगळे. त्यातल्या पेशींच्या बारीक कांड्या सुरुवातीला ताठ उभ्या राहतात, एका ठराविक दाबाला अचानक वाकू लागतात, मग बराच वेळ दाब फारसा न वाढता फोम खचत जातो, आणि शेवटी कांड्यांवर कांड्या बसून तो कडक होतो. तळहाताने दाबून बघताना आपण फक्त पहिला टप्पा बघतो. रात्री खांदा आणि कंबर तिसऱ्या टप्प्यावर जातात. दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ म्हणतो तो आकडा घनमीटरमागे किलोंचा. तो टिकाऊपणाचा अंदाज देतो, मऊ-कडकपणाचा नव्हे. त्याच घनतेचा फोम मऊही करता येतो आणि कडकही.

मग चांगली गादी कोणती? साठ किलोचा माणूस पाठीवर झोपला आणि त्याचे अंग सुमारे ०.४५ चौरस मीटर टेकले तर सरासरी दाब १३०० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास येतो. केशवाहिन्यांच्या तोंडाशी रक्ताचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर असतो (लँडिस यांनी १९३० मध्ये तो मोजला). म्हणजे भार नीट पसरला तर काळजी नाही. फरशीवर झोपलो तर अंग थोड्याच ठिकाणी टेकते, तेथे दाब ३२च्या पलीकडे जातो, आणि म्हणून आपण कूस बदलत राहतो. जो रुग्ण कूस बदलू शकत नाही त्याच्या पाठीला जखमा होतात. गादी फारच मऊ असेल तर दाब पसरतो, पण कंबर खाली जाते आणि कणा वाकतो. पाठदुखीसाठी ‘फळीवर झोपा’ हा सल्ला डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या देत आले. २००३ मध्ये स्पेनमधील कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम, आणि कोणाला कोणती हे त्यांना सांगितले नाही. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. नुकतीच पिंजून भरलेली कापसाची गादी या मापावर कुठे बसेल, हे त्या प्रयोगात नव्हते. माझा अंदाज, पहिल्या वर्षी ती मध्यम आणि तिसऱ्या वर्षी कडक.

म्हणूनच माझे मत असे: कोरड्या हवेच्या बुलढाण्यात कापसाची गादी उत्तम, पण ज्याच्या हाकेच्या अंतरावर पिंजारी आहे त्यालाच. नसेल तर चांगला फोम बरा.

आणि पिंजारी किती दिवस असेल? आता तो टेम्पोवर विजेचे यंत्र घेऊन येतो. त्यात दातेरी रूळ असतात. काम झपाट्याने होते, पण तंतू तुटतात आणि प्रत्येक पिंजणीला काही कापूस भुगा होऊन उडतो. तो भुगा यंत्राशेजारी उभा असलेल्याच्या छातीत जातो. १७०० साली इटलीतील रामाझिनी यांनी अंबाडीच्या जातीची वाके पिंजणाऱ्यांचा खोकला नोंदवला होता. गिरणी कामगारांत या रोगाला पुढे बिसिनोसिस हे नाव मिळाले. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, हे त्याचे लक्षण. कारखान्यांच्या कायद्यात या रोगाची नोंद झाली. दारोदार फिरणारा पिंजारी मात्र कोणत्याच कारखान्यात मोडत नाही. त्याने तोंडाला बांधलेला पंचा एवढेच त्याचे संरक्षण.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. दहा सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची सरळ उभी बरणी घ्या. आत सैल बसेल अशी पुठ्ठ्याची चकती कापा. बरणीत जुन्या गादीतला २० ग्रॅम कापूस ठेवा, वर चकती ठेवा आणि पाव, अर्धा, एक, दोन किलो अशी वजने क्रमाने ठेवून प्रत्येक वेळी जाडी मोजा. या बरणीत एक किलो वजनाने पडणारा दाब जवळजवळ झोपलेल्या माणसाच्या सरासरी दाबाएवढाच असतो. पाव किलोवरून दोन किलोवर, म्हणजे आठपट गेलो की जाडी निम्मी व्हायला हवी. मग तोच कापूस मुलांना बोटांनी सुटा करायला लावा आणि पुन्हा मोजा. वीस ग्रॅम हाताने पिंजायला वर्गाला अख्खा तास लागेल. गादीत असे पाचशे भाग असतात.